आखाजी, कूलर आणि कॅरिबियनचा समुद्र

वैशाखात खान्देशात पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी बजावाव्या लागतात: बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत उरक, आणि पाचपर्यंत दार उघडू नकोस. पारा ४३-४४ वर गेलेला असतो, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मधले तास कूलरसमोर काढायचे. आमच्या लहानपणी ते पत्ते, चिंचोके आणि झोप यांत जायचे. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी अमळनेरला गेले, तेव्हा ते एका कॉम्प्युटर गेममधल्या कॅरिबियन समुद्रात गेले. ही त्या दिवसांची हकीकत. वाटेत जे खाल्लं, पाहिलं, ऐकलं तेही आलंच आहे.

बुधवार : जळगाव, पुढे एसटी

पुण्याहून रात्रीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने सकाळी जळगाव. आखाजीला माहेरवाशिणी निघतात, त्यामुळे आरक्षण लवकर करून ठेवा, एवढं सांगून रेल्वेचा विषय संपवते. स्टेशनबाहेर पोहे-चहा घेतला आणि एसटी पकडली. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून आखाजीच्या आधीच्या गाड्यांत बायकांचंच राज्य असतं. पिशव्या, पोरं, कुरडयांचे डबे.

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, पायाशी डांगरांची टोपली. आखाजीच्या घागरीवर ठेवायला लेकीकडे घेऊन चालल्या होत्या. सगळ्या गाडीत त्या खरबुजांचा वास. मी काय करते विचारलं. म्हटलं, कॉम्प्युटरवर काम करते.

"ते काम घरमा बसीसन व्हस ना? मंग पुनाले कसाले राहस?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या कंपनीलाही अजून नीट देता आलेलं नाही.

कॉम्प्युटरवरून आठवलं. विप्रोचं मूळ आमच्या अमळनेरात आहे. १९४५ साली इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाने वनस्पती तुपाचा उद्योग सुरू झाला. सॉफ्टवेअर फार नंतरचं. पुण्यात हे सांगितलं की लोक भुवया उंचावतात, अमळनेरात सांगितलं की "मंग?" म्हणतात.

संध्याकाळी वहिनीने शेवभाजी केली. जाड, तिखट शेव, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तेलाचा तवंग. शेव पानात वाढतानाच रश्श्यात घालायची, आधी घातली तर तिचा चिखल होतो. हॉटेलात मागवलीत तर शेव वेगळी आणायला सांगा. आणि भरितासाठी येणार असाल तर हे दिवस नव्हेत. वांगी मिळतात, पण हिवाळ्यातल्या वांग्यांची सर त्यांना नाही. डिसेंबर-जानेवारीत या आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खा.

गुरुवार : कुरासाओ

दादाचं कृषी केंद्र घराला लागूनच आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. मागच्या खोलीत बिलांचा जुना डेस्कटॉप असतो. पेरणी लांब असल्याने या दिवसांत त्याला काम नसतं. भाचा आठवीत, भाची सहावीत. मी त्यांची फुई, म्हणजे आत्या. फोनवर मी त्यांना महिनाभर एका गेमबद्दल सांगत होते, त्यामुळे जेवण होताच दोघं मला ओढतच घेऊन गेली.

गेमचं नाव 'सिड मायर्स पायरेट्स!'. मूळ गेम १९८७ चा, मायक्रोप्रोज कंपनीचा, कमोडोर ६४ या तेव्हाच्या संगणकासाठी केलेला. आम्ही खेळलो ती फिरॅक्सिस कंपनीने २००४ मध्ये नव्याने बनवलेली आवृत्ती. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळते, जुन्या संगणकावर सुरळीत चालते आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटची गरज पडत नाही. खान्देशातल्या दुपारी नेटवर्कही उन्हाने झोपलेलं असतं, म्हणून हे महत्त्वाचं. याला भूमिकेचा खेळ म्हणायचं की साहसाचा, यावर खेळणारे भांडतात. मी भूमिकेचा म्हणते. यात ठरलेली गोष्ट थोडी आहे. आपण कोण व्हायचं, कुणाशी वैर धरायचं, कधी थांबायचं हे आपल्यावर.

सुरुवात मात्र ठरलेली. एका सुखवस्तू कुटुंबाची जहाजं बुडतात, कर्ज फिटत नाही, आणि एक मार्क्विस (बडा सरदार) येऊन सगळ्या घरालाच उचलून नेतो. एक पोरगा तेवढा निसटतो, मोठा होऊन जहाजावर चढतो. माझे वडील, अप्पा, दारातून जाता जाता थबकले. कर्जाची गोष्ट म्हटल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि मग चार वाजेपर्यंत उठले नाहीत.

सुरू करताना देश निवडायचा असतो: स्पेन, इंग्लंड, फ्रान्स किंवा हॉलंड. भाचीने हॉलंड निवडलं. कारण विचारलं तर म्हणे, बाकीचे तिघे इतिहासाच्या पुस्तकात फार भांडतात. साल १६६०. मग एक कौशल्य: तलवार, तोफा, नौकानयन, वैद्यकी किंवा गोड बोलणं. भाच्याला तलवार हवी होती. अप्पा म्हणाले, आधी वारा समजून घे. नौकानयन घेतलं.

ते बरं झालं. कारण या समुद्रावर वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून वाहतो. पश्चिमेला जहाज भरारा जातं, पूर्वेला जायचं तर नागमोडी वळणं घेत रखडत जावं लागतं. डच लोकांचं कुरासाओ खाली दक्षिणेला, आजच्या व्हेनेझुएलासमोर. आणि भाच्याला जायचं होतं बार्बाडोसला, म्हणजे थेट पूर्वेच्या टोकाला. का, तर नाव भारी वाटलं.

"फुई, वारा उलटा शे. जहाज हालतच नाही."

आठवड्यांमागून आठवडे जायला लागले, कोपऱ्यातला अन्नाचा आकडा घसरत गेला, खलाशी कुरकुरायला लागले. अशात एक स्पॅनिश व्यापारी जहाज दिसलं आणि भाच्याने तोफा सज्ज केल्या. अप्पा खुर्चीतून पुढे वाकले.

"मानसं उपाशी शेतस, आन् तू लढाले निंघना?"

खरं सांगायचं तर उपाशी होती म्हणूनच लढायला हवं होतं. त्या जहाजात धान्य असणार. पण हे अप्पांना पटवण्याआधीच वीज गेली. यूपीएस केवळ नावाला ठेवलेला. शेवटचं सेव्ह कुरासाओचं होतं, त्यामुळे सगळं परत तिथून. खेळणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी: जहाज समुद्रावर मोकळं असताना, कुणावर चाल करण्याआधी, सेव्ह करायचं. आणि संगणक इन्व्हर्टरवर घ्यायचा, कूलर नाही घेतला तरी चालेल. (कूलर नाही घेतला तर चालत नाही. आम्ही करून पाहिलं.)

पण गुरुवार लक्षात राहील तो वहिनीमुळे. या गेममध्ये सुकाणू, शिडं, तोफा, तलवार, सगळं कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांवर चालतं. लहान लॅपटॉपवर तो भागच नसतो. तसा असेल तर यूएसबीचा वेगळा आकडेफलक जोडून घ्या, नाहीतर जीव रडकुंडीला येतो. दुकानाच्या कीबोर्डवर आकडे आहेत, पण दिसत नाहीत. बिलं करून करून चार, पाच, सहा पार पुसले गेलेत, पाचावर हाताला लागणारी बारीकशी रेघ तेवढी उरली आहे. भाचा तलवारीच्या लढाईत दर वेळी खाली बघून बटण शोधायचा, आणि तेवढ्यात समोरचा कप्तान वार करून मोकळा. मागे हटत हटत तो डेकच्या कडेला आला.

वहिनी ताकाचे पेले घेऊन आली होती. दोन मिनिटं उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "सरक जरा."

तिची बोटं बटणांवर गेली आणि तिथून नजर पडद्यावरून हललीच नाही. वार, बचाव, उडी, खाली वाकणं, परत वार. पावसाळ्यात शंभर शेतकरी दारात उभे असताना हीच बोटं बियाण्याच्या पिशव्यांची बिलं फाडत असतात. स्पॅनिश कप्तानाने तलवार टाकली. वहिनीने ताकाचा पेला उचलला आणि "झालं?" म्हणून आत गेली. त्या दिवसापासून तलवार तिच्याकडे.

शुक्रवार : आखाजी

पहाटेपासून घरात पुरणाचा वास. आईने घागर भरली, वर डांगर, सांजोरी आणि आंबा ठेवला, पितरांचं नाव घेतलं. गल्लीतल्या निंबाला झोका बांधलेला होता. लेकी-सुना, माहेरवाशिणी, पोरीबाळी सगळ्या तिथे. गौराईची गाणी पहाटे सुरू झाली ती ऊन चढेपर्यंत. माझी एक शाळेतली मैत्रीण भेटली, तीन गावं पलीकडे दिलेली. आम्ही दोघी झोक्यावर चढलो आणि दोघींच्याही गुडघ्यांनी तक्रार केली.

मांडे करताना वहिनीच्या शेजारी बसायला मिळालं. बाहेर चुलीवर खापर पालथं घातलेलं, खाली जाळ. पुरण भरलेला उंडा आधी थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर झेलत, फिरवत तो वाढत जातो. मनगटावरून कोपरापर्यंत येतो, इतका पातळ की पलीकडचा जाळ त्यातून दिसतो. मग एका झटक्यात खापरावर. फाटला तर सगळ्यांदेखत फाटतो. मी हात पुढे केला नाही. आमरस, मांडे, पातळ सार, कुरडया, भजी. एवढं पोटात गेल्यावर बाहेर ४४ आहे की ५४, काही फरक पडत नाही.

पुरुष मंडळी ओट्यावर पत्ते घेऊन बसली होती. आखाजीला पत्ते खेळायचेच, थोडे पैसे लावून. एरवी ज्या घरात पत्त्याला हात लावू देत नाहीत तिथेही या दिवशी डोळेझाक होते. भाच्याला मी सांगितलं की बार्थोलोम्यू रॉबर्ट्स म्हणून खरोखरचा एक मोठा समुद्री चाचा (दर्यावरचा लुटारू) होता (आपल्या गेममध्येही तो आहे), त्याच्या जहाजाच्या लिखित नियमांत पैसे लावून पत्ते किंवा फासे खेळायला बंदी होती. रात्री आठला दिवेही विझवायचे. भाचा ओट्यावर जाऊन काकांना हे ऐकवून आला. काकांनी त्याला पळवून लावलं.

रॉबर्ट्सच्या त्याच नियमांवरून दुपारी अप्पांची आणि गेमची खरी गाठ पडली.

झालं असं की आम्ही आता बार्बाडोसचा नाद सोडून वाऱ्याबरोबर पश्चिमेला आणि परत किनाऱ्या-किनाऱ्याने असा धंदा बसवला होता. अप्पांनी दुकानातलं एक जुनं खतांच्या कंपनीचं कॅलेंडर घेतलं आणि त्याच्या पाठीवर प्रत्येक बंदरातले भाव लिहायला लागले: साखर, मसाले, चैनीचा माल, धान्य, तोफा. कुठे स्वस्त, कुठे महाग. तीन स्पॅनिश जहाजं धरली होती, तिजोरी भरली होती. आणि तरी खलाशी नाराज. भाचा चिडला. पैसा आहे, अन्न आहे, मग यांना काय झालं?

"वाटनी कव्हय करनी?" अप्पांनी विचारलं.

केलीच नव्हती. या गेममध्ये खलाशी पगारावर नसतात. मोहीम लांबत जाईल तसतशी त्यांची नाराजी वाढते, आणि ती कायमची काढायचा मार्ग एकच: बंदरावर जाऊन लूट वाटून टाकणं. वाटली की कप्तानाकडे त्याचा हिस्सा आणि एक जहाज उरतं, बाकीची जहाजं जातात, माणसं पांगतात, काही महिने सरतात, आणि मग नव्याने माणसं गोळा करायची. कप्तानाचं वयही तेवढं पुढे जातं. भाच्याला हे अजिबात मान्य नव्हतं. एवढी जहाजं कमावली ती सोडायची?

अप्पांनी मग त्याला आखाजी समजावली. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीला सुरू होतं. वर्षभराची उचल, दिलेलं धान्य, राहिलेली रक्कम, सगळा हिशेब या दिवशी. सालदार राहणार की दुसरीकडे जाणार, तेही आजच. अप्पा शेती करत होते तेव्हा सकाळी घागर पुजून झाली की सालदार ओट्यावर यायचा आणि वही निघायची. हिशेब उद्यावर टाकणाऱ्या मालकाकडे पुढच्या वर्षी माणूस राहत नसे, आणि गावात त्याची चर्चा व्हायची ती वेगळीच.

"सालदारना हिसाब आखाजीले करना पडस. तुना खलाशी बी सालदारच शेतस."

भाची मध्येच म्हणाली, "पण मालकाला किती मिळायचं, अप्पा?" अप्पा यावर थोडे घुटमळले. मी रॉबर्ट्सचे नियम पुढे केले: लुटीत कप्तान आणि त्याच्या खालचा क्वार्टरमास्टर यांना दोन-दोन वाटे, तोफखान्याचा प्रमुख आणि तशा लोकांना दीड-दीड, साध्या खलाशाला एक. लढाईत हात-पाय गमावला तर त्याला वेगळी भरपाई. अप्पांनी हे पुन्हा सांगायला लावलं. कप्तानाला फक्त दुप्पट? आपल्या गेममध्ये हिशेब वेगळा आहे, पातळी जितकी अवघड घ्याल तितका कप्तानाचा टक्का मोठा. अप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, तो चाचा गावात राहिला असता तर सगळे सालदार त्याच्याकडेच गेले असते.

वाटणी झाली. भाच्याने बटण दाबलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पुढची मोहीम निघाली तेव्हा मात्र खानावळीत माणसं आपणहून यायला तयार.

शनिवार : कर, आणि धरणगाव

आखाजीचा दुसरा दिवस. सकाळी धरणगावला मामांकडे. अमळनेरहून रेल्वेनेही जाता येतं. जळगाव-सुरत मार्गावर दोन्ही गावं आहेत. आम्ही दादाच्या गाडीने गेलो, नऊच्या आत पोचलो.

धरणगाव आज तालुक्याचं शांत गाव आहे, पण सतराव्या शतकात इथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. कापड घ्यायचं आणि सुरतेला धाडायचं. बुऱ्हाणपूर तेव्हा मुघलांच्या खान्देश सुभ्याचं मुख्य शहर, तिथलं कापडही सुरत बंदराकडे जायचं. पुढे १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभी केली तीही इथेच. मामांना हे सगळं तोंडपाठ. त्यांनी बट्टी खायला घालता घालता ऐकवलं. बट्टी तुपात बुडवलेली, वर वरण, बाजूला गंगाफळाची भाजी. मामी मला "अजून एक" म्हणत राहिल्या आणि माझ्या पानात नेहमी एक बट्टी जास्तच असायची.

परत येऊन संगणक लावला तर गेमनेही कापसाचाच विषय काढला. बंदरात जहाजदुरुस्ती करणाऱ्याकडे पैसे देऊन जहाज सुधारता येतं: तळाला तांब्याचा पत्रा, काशाच्या तोफा, तोफांसाठी बारीक दारू, आणि सुती शिडं. सुती शिडं घेतली की जहाज वेगाने जातं. अप्पांची आयुष्यभराची कपाशी जागी झाली.

"कपाशी कोन्ती वापरतस? लांब धागानी का?"

गेम एवढं सांगत नाही. आणि खरं तर त्या काळात युरोपियन जहाजांची शिडं बहुधा भांगेच्या जातीच्या हेम्पच्या आणि जवसाच्या धाग्याची असत. सुती शिडं पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन जहाजांवर गाजली. हा गेम इतिहासाच्या बाबतीत असाच सढळ आहे. हेन्री मॉर्गन १६८८ मध्ये वारला आणि जाँ लाफीत एकोणिसाव्या शतकातला, पण इथे दोघं एकाच समुद्रात फिरतात आणि तुम्ही एकाच वर्षी दोघांनाही गाठू शकता. मला त्याचं काही वाटत नाही. भाव, वारा, भूक आणि वाटणी हे नीट जुळवलंय, तेवढं पुरे. अप्पांनी सुती शिडं लगेच घ्यायला लावली. मिलवाल्या गावात राहून आपण दुसरी शिडं वापरायची का, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी गव्हर्नरच्या मुलीबरोबर नाचायची वेळ आली. कप्तानाला हुद्दा मिळाला की हे आमंत्रण येतं. ती हाताने इशारा करते, त्या दिशेचं बटण तालावर दाबायचं. चुकलात की तिच्या पायावर पाय. आई जपमाळ घेऊन मागच्या खाटेवर बसली होती, तिने चष्मा वर केला.

"हाऊ कोन शे वं? आन् हाई नवरी का?"

लग्न नाही, नुसता नाच आहे, असं सांगितलं. आईला ते जास्त खटकलं. तिकडे वहिनीने तालावर एकही पाऊल न चुकवता नाच संपवला, आणि दारातून दादाने टाळ्या वाजवल्या. वहिनी लाजून उठून गेली. आपल्या कप्तानाऐवजी एखादी बाई कप्तान निवडता येत नाही, ही या गेमची उणीव मला त्या क्षणी फार जाणवली. आमच्या जहाजाचं निम्मं काम बायकाच करत होत्या.

रविवार : तापी

पहाटे सहाला निघून कपिलेश्वर. तापी आणि पांझरा यांचा संगम, काठावर जुनं दगडी महादेवाचं मंदिर. वैशाखात जायचं तर सूर्य वर यायच्या आत पोचा, पायात चप्पल ठेवून घाट उतरा (दगड नऊलाच तापतात), पाणी घरून न्या. मंदिरात आत गेलं की मात्र एकदम गार.

भाचा पाण्याकडे बघत होता. "फुई, इथून जहाजाने गेलं तर?"

अप्पा म्हणाले, गेलं तर सुरत. मग मी त्यांना आपल्याकडची गोष्ट सांगितली. १६९५ साली औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' नावाचं प्रचंड जहाज येमेनमधल्या मोख्याहून यात्रेकरू आणि खजिना घेऊन सुरतेला परत येत होतं. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने 'फॅन्सी' या जहाजावरून ते गाठलं आणि लुटलं. बादशहा इतका भडकला की सुरतेतल्या कंपनीच्या लोकांना कैदेत टाकलं. इंग्लंडने एव्हरीवर ५०० पौंडांचं इनाम लावलं, कंपनीने ते दुप्पट केलं. तो सापडलाच नाही.

"तो आपल्या गेममध्ये आहे का?" भाचीने विचारलं.

नाही. यादीत मॉर्गन, ब्लॅकबिअर्ड, किड, रॅकहॅम वगैरे आहेत, एव्हरी नाही. खेळ कॅरिबियनचा आहे, तो आपल्या समुद्रात गाजला. भाचीला हे फार अन्यायाचं वाटलं. परत येताना गाडीत तिने ठरवलं की मोठी झाल्यावर ती सुरतेचा गेम करणार, आणि त्यात धरणगावच्या वखारीतून कापड न्यायचं असेल. भाचा म्हणाला, मग लुटणारा मी. अप्पा म्हणाले, जकात कोण घेणार ते आधी ठरवा.

दुपारी कप्तानाने काराकासमध्ये रात्री चोरून शिरायचा बेत केला. शहराशी वैर असलं की बंदरातून सरळ जाता येत नाही, पहारेकऱ्यांना चुकवत गल्ल्यांतून जायचं, दिसलो की गवताच्या गंजीत लपायचं. हे काम मात्र भाच्याचंच. आखाजीच्या दिवसांत दुसऱ्याच्या आंब्याच्या झाडाखालून ज्या सफाईने तो येतो-जातो, ते पाहता त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सोमवार : जमीन

निघायच्या दिवशी सकाळी गव्हर्नरने कप्तानाला बढती दिली आणि वर जमीन इनाम म्हणून दिली. एकरांचा आकडा पडद्यावर आला. अप्पा चष्मा लावून उठले.

"बागायती शे का कोरडवाहू?"

मी शोधलं. गेम सांगत नाही. अप्पांचं म्हणणं, जमीन मिळाली, वय झालं, आता समुद्र कशाला? निवृत्त व्हा. निवृत्त झालं की गेम तुमच्या कीर्तीचा हिशेब करतो आणि उरलेलं आयुष्य कसं गेलं ते सांगतो. कमी असेल तर भिकारी, भरपूर असेल तर गव्हर्नर. वय वाढतं तसा कप्तानाचा हात मंदावतो, हेही खरंच. भाचा म्हणाला, त्या मार्क्विसने नेलेली घरची माणसं अजून सापडली नाहीत, मग कसा थांबू? भाची त्याच्या बाजूने गेली. वहिनीने कुणाचीच बाजू घेतली नाही, पण पुढची लढाई अवघड आहे का, हे हळूच विचारून घेतलं.

मला गाडी पकडायची होती. पिशवीत कुरडया, सांजोऱ्या, केळीचे वेफर्स आणि आईने कागदात बांधलेला काळा मसाला. गेम दुकानाच्या संगणकावरच ठेवून आले. दादाने एकच अट घातली: जूनमध्ये बियाण्याची बिलं सुरू झाली की संगणक दुकानाचा आणि वहिनीची बोटंही दुकानाची. तोवर मार्क्विस सापडला पाहिजे.